पितृपक्षातलं पायलट

परवा सकाळी दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा समोरच्या विजेच्या खांबावर एक कावळा येऊन बसला होता. त्याला बघून बाकीच्यांना आपापले गेलेले आजोबा आठवत असतील. मला आमच्या दुकानातली ती कॉम्प्युटर सिस्टीम आठवली. पितृपक्षातच जन्मली, दिवाळी बघायच्या आत गेली, आणि तिचं वर्षश्राद्ध घालायला मात्र कुणी पुढे आलं नाही. शेठचं त्यात काय गेलं ते शेठ जाणोत. माझं जे गेलं ते जिन्याखाली होतं. त्या जागी आता प्लॅस्टिकची फुलं लावलेली एक चौकट उभी आहे. तिच्यात उभं राहून फोटो काढायचा असतो म्हणे.

नाशकात पितृपक्ष म्हणजे एकाच गावात दोन ऋतू. नदीपलीकडे पंचवटीत पाय ठेवायला जागा नसते. बाहेरगावच्या गाड्या, ओल्या धोतरांचे पिळे, पत्रावळींचे ढीग, भाव चढलेली गवार आणि लाल भोपळा, आणि खाऊन खाऊन माजलेले कावळे. खीर ठेवली तरी लगेच येत नाहीत, वाट बघायला लावतात. नदीच्या अलीकडे आमच्या कापडाच्या गल्लीत मात्र शुकशुकाट. पंधरा दिवस नवीन काही घ्यायचं नाही. सोनं नाही, गाडी नाही, साडी तर नाहीच नाही. सेल्समन लोक गादीवर उताणे पडून मोबाइल बघतात. भाद्रपदाचं ऊन थेट शोकेसपर्यंत येतं आणि साड्यांचा रंग उडेल म्हणून मोठे शेठ सारखे "पडदा ओढा रे" म्हणून ओरडत असतात. कोऱ्या कापडाचा आणि खळीचा वास एरवी गिऱ्हाइकांच्या घामात, गजऱ्यांत हरवून जातो. या दिवसांत तो एकटाच दुकानभर फिरतो. मला तो वास आवडतो.

मी या दुकानात कॅश काउंटरला बसते. इतकी वर्षं बसते की गल्लीतल्या लोकांना माझं नाव कमी आणि 'गल्ल्यावरच्या ताई' जास्त माहीत. आमच्या घरी पितृपक्ष पाळत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं सोडलं, त्यामुळे कावळ्यांशी आमचं काही देणंघेणं नाही. उलट आमची खरेदी याच दिवसांत. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, पांढरं नेसून त्रिरश्मी लेणीवर जायचं, तर ती साडी आधीच घ्यायला नको? कॉलनीतल्या बाया शालिमारच्या बाजारात घेतात, आमच्या दुकानाचे भाव त्यांना परवडत नाहीत. मी मात्र स्टाफच्या सवलतीत इथेच घेते. पाळणाऱ्यांनी पाळावं, माझं त्यावर काही म्हणणं नाही. शोभा पाळायची. तिच्या सासऱ्यांच्या तिथीचे वडे मी दरवर्षी खाल्लेत. त्या म्हाताऱ्याला पोचले नसतील एवढे मी खाल्लेत.

शोभा म्हणजे आमची पिको-फॉलवाली. जिन्याखाली, जिथे ताठ उभं राहिलं तर डोक्याला पायरी लागते, तिथे तिचं मशीन आणि मागे रंगीत रिळांची भिंत. इथे साडी घ्यायची आणि शोभाकडे द्यायची. तिनं ब्लाउजपीस कापायचा, पदराला पिको करायचं, खालच्या काठाला आतून फॉल लावायचा, आणि गिऱ्हाइकानं तोवर चहा पीत बसायचं. दिंडोरीकडची बाई. तोंडाचा पट्टा मशीनच्या वरताण. काठाशी रीळ जुळवता जुळवता मला हळूच सांगायची, "ताई, ही नणंदेला द्यायला घेतलेली दिसतीय. रंग बघा की कसला हाय. सूड हाय हा, साडी नाय." आणि पुष्कळदा तसंच निघायचं. दुकानात माझ्याशी बेधडक भांडणारी तीच एकटी. बाकी सगळे माझ्या तोंडाला टरकून असतात, आणि टरकणाऱ्या माणसांशी बोलण्यात मला काडीचाही रस नाही.

तर तीन वर्षांपूर्वी धाकट्या शेठना सिस्टीम आणायची हुक्की आली. धाकटे शेठ पुण्याला शिकून आलेत आणि ते रोज कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. तोवर आमची बिलं एका जुन्या मशीनवर व्हायची. ते मशीन नीट चालायचं, हाच त्याचा गुन्हा. नव्या सिस्टीममध्ये प्रत्येक साडीला बारकोड, प्रत्येक काउंटरला स्क्रीन, आणि कोण किती विकतं ते शेठच्या मोबाइलवर. कंपनीकडून समीर नावाचा माणूस आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो. तो म्हणाला, एकदम चालू करायचं नाही. आधी पायलट करायचं. थोडे दिवस चालवून बघायचं, चुका सापडतील त्या दुरुस्त करायच्या, मग लाँच. बोलणं शहाणपणाचं होतं. त्या अख्ख्या प्रकरणात शहाणपणाचं असं तेवढंच बोललं गेलं.

मग तारखेवर गाडी आली. मोठे शेठ म्हणाले, "लाँच घटस्थापनेला. दिवस चांगला आहे."

"आणि पायलट?" समीरनं विचारलं.

"ते त्याच्या आधी उरका."

"पप्पा, आधी पितृपक्ष आहे," धाकटे शेठ म्हणाले.

मोठ्या शेठनी पानाचा तोबरा या गालातून त्या गालात नेला. "पायलटला कसला मुहूर्त? पायलट म्हणजे काही सुरुवात नव्हे. चालतं."

धाकट्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "आणि पप्पा, दुकान रिकामं असतं. स्टाफ मोकळा असतो. एकदम शांतपणे टेस्टिंग होईल."

बघा म्हणजे. एक डोकं पंचांगातून निघालं, दुसरं पुण्याच्या कॉलेजातून, आणि दोन्ही हिंडून फिरून एकाच खड्ड्यात येऊन पडली. समीरनं तर टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या.

मी म्हटलं, "शेठ, रिकाम्या दुकानात कसलं डोंबलाचं टेस्टिंग? गिऱ्हाईकच नाही तर चूक सापडायची कशी?"

"सुजाताताई, तुम्ही नेहमीच निगेटिव्ह," धाकटे शेठ म्हणाले. मग सगळ्यांकडे बघून त्यांनी आणखी एक शेपूट जोडलं. "आणि हो, पायलटमध्ये प्रत्येक काउंटरचा डेटा येणार. जे काउंटर चालत नाही त्याची जागा घटस्थापनेपासून दुसऱ्या कामाला घेऊ." हे म्हणताना त्यांचा डोळा जिन्याखाली गेला. शोभानं तो बघितला. मीही बघितला.

दुपारी डबा खाताना ती म्हणाली, "ताई, माझ्या सासऱ्याच्या पंधरवड्यात माझीच परीक्षा लावली की यांनी. आता साडीच खपत नाय तर फॉल कशाला लावू? मोठ्या शेठच्या धोतराला?" स्वतःच हसली. पण दुसरी पोळी तिनं तशीच डब्यात ठेवली. घरी दोन पोरी कॉलेजात आणि नवरा कधी ड्रायव्हर, कधी नुसताच नवरा. जिन्याखालच्या त्या कोपऱ्यावर तिचं घर चाललं होतं, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

मी लहान असताना आमच्या शाळेत साहेब तपासणीला यायचे. त्या दिवशी भिंतीवर भारताचा नवा कोरा नकाशा टांगलेला असायचा. साहेब गेले की नकाशा गुंडाळून परत कपाटात. आम्हाला भूगोल त्या नकाशाशिवायच शिकवला गेला. तेव्हा मला वाटायचं की ही आमच्याच शाळेची लबाडी. पायलट बघितल्यावर कळलं की ही देशभर चालणारी विद्या आहे आणि तिच्यात लोक मोठमोठ्या पदव्या घेतात. पायलट ही चूक सापडावी म्हणून करायची गोष्ट. आमच्याकडे ती चूक सापडू नये म्हणून करतात.

स्क्रीन लागले. प्रत्येकाला लिंबू-मिरची बांधली गेली. पायलट ही सुरुवात नसली तरी नजर लागायची ती लागतेच ना! आणि स्क्रीनवर सगळीकडे शून्य. समीर इकडून तिकडे फेऱ्या मारायला लागला. "डेटा यायला हवा," म्हणायचा. जणू काही डेटा पंचवटीतून रिक्षा करून येणार होता. शेवटी त्यालाच युक्ती सुचली. "आपणच कस्टमर होऊ या!"

काय ते नाटक! शर्टिंगचा सेल्समन दारातून आत यायचा आणि म्हणायचा, "नमस्कार, मला एक साडी हवी आहे." नाशकात आजवर कुणीही नमस्कार घालून साडी घेतलेली नाही. पहिलीच जी साडी दाखवली ती त्याला पसंत पडायची. दुसरा रंग दाखवा नाही, बाहेर उजेडात नेऊन बघते नाही, सासूबाईंना फोन लावते नाही, "एवढी कुठे असते काय?" नाही. सरळ माझ्याकडे यायचा, मी बिल फाडायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग समीर 'रिटर्न'चं बटण दाबायचा आणि साडी परत फडताळात. एक मोरपंखी रंगाची साडी ढिगाच्या वरच होती, म्हणून तीच पुन्हा पुन्हा विकली गेली. ना तिला कुणी अंगाला लावून बघितलं, ना कुणी तिचा पदर पसरला. शेठ रोज कचोरी मागवायचे. आमच्या लोकांना कामाचा आळस आणि फुकटच्या कचोरीची हौस, त्यामुळे सिस्टीम सगळ्यांनाच फार आवडायला लागली.

शोभापाशी मात्र हे नाटक येऊन अडायचं. खोटी विकलेली साडी परत फडताळात जाते. पण ब्लाउजपीस कापला, काठातून सुई गेली, की ती साडी कुणाची तरी झाली. ती परत घेता येत नाही. म्हणून एकही खोटं गिऱ्हाईक जिन्याखाली वळायचं नाही.

समीर तिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिवू नका ना. नुसतं स्कॅन करा. एंट्री पडली म्हणजे झालं."

"न शिवता शिवलं म्हणून सांगू?" शोभानं विचारलं.

"ट्रायल आहे हो."

"मला नाय जमायचं."

मी तिच्यावर चिडले. चांगलीच चिडले. डबा बाजूला ठेवून म्हटलं, "अगं बये, मार की बटण. सगळे मारतायत. तुझी जागा जायची वेळ आलीय आणि तू कसली सत्यवानाची सावित्री होऊन बसलीस?"

"त्यांचं बरं हाय, ताई. त्यांचं कापड परत जातं फडताळात." तिनं रीळ बोटाभोवती गुंडाळलं. "माझ्या कामाला परत जायला जागाच नाय. लावलं तर लावलं, नाय तर नाय. खोटा फॉल कसा असतो ते मला ठावंच नाय."

मी डबा पुन्हा पुढ्यात ओढला. दुकानात मला गप्प करणारीही तीच एकटी.

मग मी माझी दसऱ्याची साडी त्याच दिवशी घेऊन टाकली. पांढरी, निळ्या काठाची. खरे पैसे मोजले, खरं बिल केलं, आणि जिन्याखाली जाऊन शोभापुढे ठेवली. म्हटलं, "लाव फॉल. आणि आता कर तुझं ते स्कॅन." तिनं मशीनवरचा दिवा ओढला. पांढऱ्यावर पांढरा टाका डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवून बघावा लागतो. ती बोट फिरवून बघत होती, मी रिळांच्या भिंतीला टेकून उभी होते. वरून कुणीतरी जिना चढलं तशी आमच्या डोक्यावर धूळ पडली. साडी झाल्यावर तिनं बारकोडच्या पट्टीवर स्कॅनर धरला, टिंग वाजलं, स्क्रीनवर शून्याचा एक झाला. "आला गं बाई!" म्हणून ती पोरीसारखी ओरडली. त्या सबंध पंधरवड्यात आमच्या दुकानात खरं असं तेवढंच एक काम झालं.

सर्वपित्रीला वरच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. लग्नाचे बस्ते याच हॉलमध्ये निघतात. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, साड्यांचे डोंगर होतात, मानाच्या साडीवरून आत्या रुसतात, अर्ध्या साड्या संध्याकाळी बदलून जातात आणि बिल दोन घरांत फाडावं लागतं. त्या सिस्टीमला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, कारण पितृपक्षात बस्ता काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पण भिंतीवर रंगीत गोल उमटले. पायलट यशस्वी. एकही तक्रार नाही. अहो, तक्रार करायला कुणी आलं होतं का?

मग जिन्याखालच्या काउंटरचा गोल आला. गोल कसला, नुसतीच रिकामी रेघ. शून्य.

"शून्य कसं?" मी उभी राहिले. "माझ्या साडीला फॉल लावलाय तिनं. मी पैसे भरलेत."

समीरनं कागद चाळले. "ती तुमची साडी ना, मॅडम? स्टाफची एंट्री आम्ही टेस्ट धरतो. ती काढून टाकली."

म्हणजे शर्टिंगवाल्यानं नमस्कार घालून घेतलेली मोरपंखी साडी खरी, आणि मी पदरमोड करून घेतलेली, नेसणार असलेली साडी खोटी. मी समीरला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. धाकटे शेठ "ताई, ताई" करत राहिले. शोभा मात्र शांतपणे उठली. म्हणाली, "शेठ, मशीन माझं हाय. तेवढं रिक्षात चढवायला दोन माणसं द्या." दोन माणसं दिली. एवढी माणुसकी आमच्याकडे आहे. सगळी रिळं तिनं ओढणीत बांधून नेली आणि भिंतीवर नुसते खिळे राहिले.

घटस्थापनेला नवी सिस्टीम लागली. मोठ्या शेठनी नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं, कुणीतरी शर्टाच्या बाहीनं पुसलं. पेपरात नवरात्राचे रंग छापून आलेले आणि पहिला रंग पिवळा. अकरा वाजले नाहीत तोच दाराशी बायांची ही झुंबड! "पिवळी दाखवा." सिस्टीममध्ये पिवळा रंगच नव्हता. लेमन होता, हनी होता, मस्टर्ड होता, आणखी कसला तरी सूर्यफुलाचा होता. पिवळा म्हटलं की ती गप्प. बाया तीन साड्या घेऊन यायच्या, दोन ठेवायच्या, पुन्हा त्यातली एक उचलायच्या, जाऊबाईची बदलून द्या म्हणायच्या. रिटर्नचं बटण दाबलं तरी साडी परत जमा व्हायचीच नाही. एका बाईनं मोरपंखी साडी नेमकी हातात धरून आणली, तर स्क्रीन म्हणतो, माल शिल्लक नाही. बाई म्हणाली, "मग हे काय आहे? पोतेरं?" मला इतकं हसू आलं की मी गल्ल्याखाली तोंड लपवलं.

आणि प्रत्येक दुसरी बाई जिन्याकडे वळायची. "फॉल लावून द्या हो लगेच, आजच नेसायचीय." वळायची आणि खिळ्यांकडे बघत उभी राहायची. "इथली बाई कुठे गेली?"

"बंद केलं ते काउंटर," सेल्समन सांगायचा.

"मग राहू द्या तुमची साडी. शिवायला आता गावभर कुठे हिंडू?" असं म्हणून साडी गादीवर टाकून बाया समोरच्या दुकानात गेल्या. मी बसल्या जागेवरून सगळं बघत होते. मला वाईट वाटलं म्हणू? छे. मला चांगलं वाटलं. त्या दिवशी मला शेठच्या नुकसानीचं खरोखर चांगलं वाटलं.

दुसऱ्या माळेला जुनं बिलाचं मशीन माळ्यावरून खाली आलं. धनत्रयोदशीच्या आत सिस्टीमचे स्क्रीन खोक्यात गेले. समीरचा फोन लागेनासा झाला. बहुतेक दुसऱ्या गावात दुसऱ्या कुठल्या दुकानात तो आमचं यशस्वी पायलट भिंतीवर दाखवत असेल. बारकोड गेले, चिठ्ठ्या आल्या. सगळं जसंच्या तसं परत आलं. मी धाकट्या शेठना म्हटलं, "आता शोभालाही बोलवा."

ते मोबाइलवरून नजरही न काढता म्हणाले, "ताई, त्या काउंटरचा डेटा तुम्ही स्वतः बघितलाय ना?"

सिस्टीम भंगारात गेली, आणि तिनं सांगितलेलं हे एवढं एकच खोटं दुकानात राहिलं. महिन्याभरात खिळ्यांवर प्लॅस्टिकची फुलं चढली.

शोभा आता पंचवटीत घरीच शिवते. खिडकीशी मशीन, खाली गल्ली. गल्लीतल्याच बाया येतात, काम मिळतं तेवढं मिळतं. मोठी पोर कॉलेज सोडून एका मेडिकलच्या दुकानात लागली. शोभा हे सांगताना विनोद करते आणि मी तिला विनोद करू देते.

आणि परवा तो कावळा खांबावर बसला त्याच सकाळी धाकट्या शेठनी सगळ्यांना गोळा केलं. नवी कंपनी. नवी सिस्टीम. आधी पायलट. कधी? तर आत्ताच. "दुकान रिकामं आहे, स्टाफ मोकळा आहे." या वेळी गिऱ्हाइकानं गादीवर बसल्या बसल्याच मोबाइलनं पैसे भरायचे. कॅश काउंटरला किती लोक येतात ते पंधरा दिवस बघायचं आणि मग ठरवायचं. म्हणजे या खेपेला नंबर माझा. मी काहीच बोलले नाही, तर सेल्समन लोक घाबरून एकमेकांकडे बघायला लागले.

नव्या कंपनीनं पल्लवी नावाची मुलगी पाठवलीय. मुलगी गोड आहे, तिचा काही दोष नाही. तिलाही कुणी नाशिकचं पंचांग दाखवलेलं नाही. काल ती माझ्यापाशी आली. "मॅडम, एक ट्रायल सेल करू या." फडताळावरून बोट फिरवत गेली आणि तिनं एक साडी ओढली. पांढरी, बारीक निळ्या काठाची. "हीच घेऊ. ही आत्ता कोण घेणारे?"

"मी," मी म्हटलं.

तिला वाटलं मी नाटकात भाग घेतला. खूश झाली बिचारी. मी पाकीट उघडलं, पैसे मोजून गल्ल्यात टाकले, माझं बिल मीच केलं आणि साडी पिशवीत घातली. जेवणाची सुट्टी होतीच. मी डबा तसाच ठेवून निघाले. पुलावर गाड्यांची रांग लागली होती, रिक्षा मिळेना, म्हणून पायीच गेले. खाली पिंडांचं पाणी, वर ऊन. शोभा दारातच होती. हाताला पीठ, घरात वड्यांचा वास. तिच्या सासऱ्यांची तिथी!

"ताई, टायमाला बरोबर आलात. वड्याला तर तुम्ही कावळ्याच्या आधी हजर," ती म्हणाली.

"वडे मग. आधी हात धू आणि याला फॉल लाव. ब्लाउजपीसही काप."

तिनं साडी बघितली. माझ्याकडे बघितलं. मी तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ती हसली नाही. पांढरा फॉल तिच्याकडे धुऊन इस्त्री केलेला तयार असतोच. ती खिडकीशी बसली आणि मी वडे खात तिचे हात बघत बसले.

परत पोचायला मला उशीर झाला. धाकटे शेठ आणि पल्लवी माझ्याच काउंटरशी उभे होते. मी साडी त्यांच्यासमोर ठेवली.

"मॅडम, थँक्यू," पल्लवी म्हणाली. "आता ही रिटर्न करून टाकते." आणि तिनं बटणावर बोट ठेवलं.

"थांब," धाकटे शेठ म्हणाले.

त्यांनी काठ उलटा केला. कसेही असले तरी कापडवाल्याच्या घरात वाढलेत. त्यांनी आतल्या बाजूनं बोट फिरवलं, हळू, काठाच्या या टोकापासून थेट त्या टोकापर्यंत. कापलेल्या ब्लाउजपिसाची कड चाचपली. टाका कुणाचा आहे ते मला सांगावं लागलं नाही. त्यांनी एकदा जिन्याखाली, त्या फुलांच्या चौकटीकडे बघितलं.

"सर, मग ही एंट्री ठेवू की टेस्ट म्हणून काढून टाकू?" पल्लवीनं विचारलं. "स्टाफची आहे ना."

शेठचं बोट अजून काठावरच होतं. मग मीच म्हटलं, "ठेव, बाई. या पंधरवड्यात आमच्या दुकानात खरं असं एवढंच विकलं गेलंय."

धाकट्या शेठनी साडीची घडी घातली. स्वतः घातली, गिऱ्हाइकाला घालून देतात तशी, काठावर काठ बसवून. पिशवीत ठेवली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. 'पुन्हा या' म्हणायचं तेवढं राहिलं.